दांड्यावरची डावी लाट

कल्पना करा, बावीस फुटी शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर तुम्ही उभे आहात. चार बाय आठ फुटांचा प्लायवूडचा तक्ता डोक्याने आणि डाव्या खांद्याने खिडकीवर दाबून धरलाय. उजव्या हातात ड्रिल, दातांत चार स्क्रू. वारा तक्त्याच्या कडेखाली बोटं घालून तो उपटायला बघतोय. त्याला एकदा फट सापडली की तक्त्याचं शीड होणार आणि तुम्ही शिडीसकट खाली वाळूत. आणि तुमच्या पाठीमागे समुद्र आहे. मे महिन्यापासून बशीतल्या चहासारखा निपचित पडलेला तो समुद्र आज वर्षातल्या सगळ्यात देखण्या लाटा घेऊन आलाय. नुसत्या आवाजावरून तुम्हाला ते कळतंय. मान वळवून एकदाच बघायचंय. पण मान वळवली की तक्ता सुटतो.

आता हेच वीस वर्षं करा.

मर्लीन टिलेटने केलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅटरस बेटावर मर्लीनला सगळे सुतारीण म्हणून ओळखतात. ती स्वतःला सर्फर समजते. दोन्ही खरं आहे, आणि या दोघींचं एकमेकींशी कधीच पटलं नाही. कारण या किनाऱ्यावर धड लाट येते ती हरिकेनच्या आधी. वादळ खाली पाचशे मैलांवर असतानाच त्याच्या लाटा येऊन पोचतात, वारा मागाहून येतो. मधे दोन-तीन दिवसांची फट असते. इथला सर्फर वर्षभर त्या फटीसाठी जगतो. आणि पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या उंच खांबांवरच्या घरांच्या खिडक्याही नेमक्या त्याच फटीत झाकायच्या असतात.

सगळ्यांची मनातली प्रार्थना एकच असते. वादळ यावं, पण दोनशे मैलांवरून निघून जावं. मोठ्याने ती कोणी म्हणत नाही. त्या प्रार्थनेत शेजाऱ्याचं छप्पर अडकलेलं असतं.

मर्लीनची प्रार्थना दोनदा अर्धीच ऐकली गेली होती. अकरा वर्षांची असताना एडविना वादळ आलं. आईने तिला गाडीत कोंबून पुलापार मावशीकडे नेलं. तिथे टीव्हीवर एक बातमीदार रेनकोट घालून ओरडत होता आणि त्याच्या खांद्यामागे मर्लीनला हवी असलेली लाट फुटत होती. "ए, बाजूला हो ना!" असं ती टीव्हीला ओरडली म्हणून मावशीने रागावून तो बंदच केला. सव्विसाव्या वर्षी रॉस्को आलं तेव्हा तिला आठवा महिना होता. ती घडीच्या खुर्चीत वाळूवर बसून राहिली आणि तिचा नवरा लाइल चार तास पाण्यात होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "कशी होती?" तिने विचारलं. तो म्हणाला, "तुला सांगून कळायचं नाही."

संसार त्यानंतर सात वर्षं चालला. पण मर्लीनच्या मते घटस्फोट त्या वाक्यालाच झाला होता.

लाइल पुलापार गेला तो गेलाच. त्याचा थोरला भाऊ डॉर्सी मात्र बेटावर राहिला, आणि बेटावरच्या म्हाताऱ्या सुताराने शिडी मर्लीनच्या हवाली केली तेव्हा तिचं दुसरं टोक धरायला हाच दीर आला. डॉर्सी कोळ्याचा मुलगा, पण घोट्याच्या वर पाण्यात जात नाही. "ज्या पाण्यातून बापाला दोनदा ओढून काढला, त्यात मजा म्हणून कोण उतरतं?" असं तो म्हणतो. गेली वीस वर्षं प्रत्येक वादळाआधी शिडीच्या एका टोकाला समुद्राकडे बघू पाहणारी मर्लीन आणि दुसऱ्या टोकाला "समोर बघ, समोर!" म्हणणारा डॉर्सी, अशी ही जोडी चालत आली.

यंदाच्या एप्रिलमधे तिला पाण्याखालचा वाळूचा दांडा सापडला.

फ्रिस्को गावाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मिस यूलाच्या बुटक्या घरासमोर पाण्याचा रंग बदललेला तिला दिसला. हिरव्यात एक पिवळट पट्टा. म्हणजे खाली वाळू साचत होती. तिने एका दोरीला दर फुटावर गाठ मारली, टोकाला शिसं बांधलं आणि दर रविवारी छोट्या होडीतून जाऊन खोली मोजायला सुरुवात केली. आकडे ती आपल्या कोठाराच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायची. भिंतीला प्लायवूड लावलेलं होतं, त्यामुळे लिहायला झकास. 'अकरा जून, ओहोटी, सहा फूट.' 'तेवीस जुलै, ओहोटी, पाच फूट.' ऑगस्ट संपेपर्यंत भिंतीवर दांड्याचा अख्खा नकाशा उभा राहिला होता. किनाऱ्यापासून तिरका निघालेला, कोपरात वाकवलेल्या हातासारखा, जवळजवळ दोनशे यार्ड लांब.

या किनाऱ्यावर लाट सहसा दार आपटल्यासारखी फुटते. अख्खी एकदम. त्यावर चढणारा उभा राहतो न राहतो तोच संपतो. पण असा तिरका दांडा असेल, लाटा आग्नेयेकडून येत असतील, दोन लाटांमधे चौदा सेकंद असतील, ओहोटी असेल आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल, तर लाट एका टोकाला फुटायला लागते आणि तिथून उलगडत जाते. इथे ती डावीकडे उलगडणार होती. मर्लीन उजवा पाय पुढे ठेवून उभी राहते, म्हणजे डावी लाट तिच्या तोंडासमोर येणार. वाळूचा दांडा एका मोसमाचा पाहुणा. पुढचं वादळ त्याला घडवतं किंवा पुसतं. त्रेपन्न वर्षांत अशी मांडणी तिच्या घराजवळ पहिल्यांदाच जमून आली होती.

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. दांडा सांगायचा नसतो, हा इथला नियम. नवऱ्याला नाही, पाद्रीला नाही, मरताना पोरांनाही नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मॅव्हिस वादळ बहामाच्या वर आलं. दूर समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयाचे आकडे मर्लीनने फोनवर पाहिले आणि वही काढून हिशेब मांडला. गुरुवारी सकाळी लाट आठ फुटांची, अंतर चौदा सेकंद. वारा ईशान्येचा, म्हणजे फ्रिस्कोला जमिनीवरून येणारा, अगदी मतलई. दुपारच्या सुमाराला तो फिरणार. ओहोटी नऊ चाळीसला. साडेआठ ते अकरा, अडीच तास. सगळं एका रेषेत आलं होतं. अकरा घरं झाकायची होती, आणि ती बुधवारी संध्याकाळपर्यंत झालीच पाहिजेत.

"अकरा घरांना गुरुवार उजाडणारच," डॉर्सी म्हणाला.

"या वेळी बुधवार."

"का? गुरुवारी लग्न आहे का तुझं?"

"तसंच समज."

मंगळवारी संध्याकाळी ती दीपस्तंभाजवळच्या गाडीतळावर गेली. नाही गेली असती तर लोकांना संशय आला असता. पाहुण्यांना बेट सोडायचा हुकूम दुपारीच निघाला होता. एकुलत्या रस्त्यावरून गाड्यांची रांग उत्तरेला सरकत होती आणि गाडीतळावर मात्र उलट गर्दी. व्हर्जिनियाहून, न्यू जर्सीहून सर्फर आले होते आणि अडवणाऱ्यांना चुकवून इथवर पोचल्याच्या कथा एकमेकांना सांगत होते. सगळे आपापल्या फोनमधे बघत होते आणि मधूनच समुद्राकडे. समुद्र अजून गुळगुळीत होता, फक्त दर थोड्या वेळाने एक लांब, रुंद श्वास घेत होता.

"मर्लीनबाई!" ब्रँटने हाक मारली. ब्रँट कोळंबीच्या बोटीवर कामाला असतो. तोंडाने फाटका, पण मनाने चांगला. "शिडीवरून कशा दिसतात गं लाटा?"

"तुझ्यापेक्षा उंचावरून दिसतात."

हशा पिकला.

"या वेळी तरी येतेस का? गुरुवारी आम्ही सगळे इथेच, दीपस्तंभाला."

"गुरुवारी? मला कुठली सवड?" असं म्हणताना तिने तोंड इतकं वाईट केलं की ब्रँटला खरंच तिची दया आली. त्याने तिला आपल्या डब्यातला हॅम घातलेला बिस्किट-पाव दिला. तो खाताना तिला थोडं अपराध्यासारखं वाटलं. पण थोडंच.

बुधवारी त्यांनी पहाटेपासून काम उपसलं. प्रत्येक घराचे तक्ते मर्लीनने पूर्वीच मापाने कापून ठेवलेले आहेत. प्रत्येकावर घराचं नाव आणि खिडकीचा आकडा. इथे घरांना नावं असतात आणि लोक घर नावानेच ओळखतात, पत्ता कोणालाच माहीत नसतो. व्हर्जिनियाच्या प्रूइट नावाच्या गृहस्थांनी सोमवारी फोन करून सांगितलं होतं, "आमचं 'गल्स रेस्ट' तेवढं नीट झाका बरं." 'गल्स रेस्ट' ती अठरा वर्षं झाकत आली होती. डोळे बांधले तरी हात चालले असते. एकोणीस खिडक्या, तीन तास. तक्ते असे बसले की पत्त्याचं पानही आत सरकू नये.

शेवटचं घर मिस यूलाचं. मिस यूला ब्याऐंशी वर्षांची, आणि कुठल्याही वादळात घर सोडत नाही.

"समोरची खिडकी राहू दे गं पोरी," ती म्हणाली. "मला बघायचंय."

"मिस यूला, तीच तर आधी फुटेल."

"नवरा होता तेव्हा आम्ही दोघं त्या खिडकीत बसून बघायचो. वादळाआधीचं पाणी काय सुंदर असतं! तू लोकांच्या खिडक्या लावतेस, तुला कुठून दिसणार?"

शब्द वर्मी लागला. मर्लीनने तक्ता उचलला आणि जरा जास्तच जोरात स्क्रू फिरवले. आत अंधार झाला. आतून आवाज आला, "दुष्ट आहेस तू! अंजिराचा केक केलाय, तो नेऊ नकोस आता!" आणि लगेच मागल्या दारातून केकचा डबा बाहेर आला.

बुधवारी संध्याकाळी सहाला अकरा घरं झाली. मर्लीनने शिडी कोठारात आडवी टाकली आणि ती तिथेच आठ दिवस पडून राहावी अशी इच्छा केली.

गुरुवारी सकाळी सातला दहा मिनिटं असताना ती अंगणात बोर्डावर मेण घासत होती. लाटांचा आवाज झाडांपलीकडून येत होता. चौदा मोजेपर्यंत शांत, मग एक खोल दणका. पुन्हा चौदा. तिचा हिशेब सेकंदाला चुकला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"मिस टिलेट," प्रूइट म्हणाले, "मी कॅमेऱ्यात बघतोय. आमच्या खिडक्या उघड्या आहेत."

"कसं शक्य आहे? मी स्वतः काल लावल्यात. एकोणीसच्या एकोणीस."

"मला बागेतलं झाड काचेतून सरळ दिसतंय."

"झाड? 'गल्स रेस्ट'च्या समोर झाड कुठंय? समोर वाळू आहे."

 मग प्रूइट म्हणाले, "अहो, ते घर आम्ही मे महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या एका कुटुंबाला विकलं. आता आम्ही आत, झाडीतल्या मोठ्या घरात आलो. नावाची पाटी मात्र काढून इकडे लावली. बायको म्हणते नाव लाभाचं आहे. तुम्हाला पाटी दिसली नाही का?"

मर्लीन खाली बसली. पाटी! ज्या घराची प्रत्येक चौकट हाताला पाठ आहे, त्याची पाटी कोण बघतं? नवखा सुतार असता तर पाटी शोधत फिरला असता आणि बरोबर घरी पोचला असता. तिला घर ओळखीचं होतं, तिथेच घात झाला. पेनसिल्व्हेनियाच्या त्या अनोळखी कुटुंबाचं घर तिने झकास झाकलं होतं. त्यांनी सांगितलंही नव्हतं.

क्षणभर तिच्या मनात आलं, राहू देत उघड्या. पण झाडीतलं ते मोठं घर तिला आता डोळ्यांसमोर दिसलं. त्याच्या पश्चिमेला तीस फुटांवर गावच्या बंबवाल्यांची शेड होती. बेटावर मागे राहणारी पंचवीस-तीस माणसं रात्री तिथे झोपणार होती, डॉर्सीची बायकोसुद्धा. वारा ईशान्येचा, मग पूर्वेचा. खिडक्या फुटल्या की वारा घरात शिरतो, आतून छप्पर उचलतो, आणि ते छप्पर कुठे जाऊन पडलं असतं हे कळायला इंजिनियर लागत नाही.

तिने डॉर्सीला फोन केला. तो आधी पोट धरून हसला, मग शेडचं नाव ऐकल्यावर कामाचं बोलू लागला.

"प्लाय कुठून आणायचा?" तो म्हणाला. "दुकानात मंगळवारपासून भुसासुद्धा उरला नाही."

"पेनसिल्व्हेनियावाल्यांचा काढायचा का?"

"आणि त्यांचं घर उघडं टाकायचं? काल देणगी दिलीस, आज परत घेणार?"

मर्लीन कोठाराच्या दारात उभी होती. समोर तिची भिंत होती. बारा तक्ते, तीन चतुर्थांश इंच जाडीचे, एकही डाग नाही. फक्त पेन्सिलीचे आकडे. तिने पहार उचलली. 'तेवीस जुलै, ओहोटी, पाच फूट' खिळ्यांसकट कुरकुरत सुटून आला.

पावणेआठला ते झाडीतल्या घराशी होते. चौदा खिडक्या, सगळ्यांची मापं वेगळी, एकही साधी नाही. मालकाच्या हौसेने दोन तर अर्धगोल होत्या. मर्लीन मापं सांगत होती, डॉर्सी करवत चालवत होता. समुद्र तिथून मैलभर दूर. झाडांच्या शेंड्यांवरून वारा समुद्राकडे पळत होता, आणि नेमका तोच वारा तिने सोमवारी वहीत लिहिला होता.

आठ वाजता एक गाडी थांबली. ब्रँट. टपावर चार बोर्ड, आत तीन माणसं.

"हे काय, अजून चालूच? मदत हवी का? आम्ही चौघं आहोत. दीड तासात उडवून टाकू."

मर्लीनने शिडीवरून खाली पाहिलं. दीड तास. म्हणजे साडेनऊ. म्हणजे ओहोटी. सगळं जमत होतं. पण मग ब्रँट विचारणार, घाई कसली एवढी? आणि काम संपल्यावर ती बोर्ड टपावर टाकून दीपस्तंभाकडे न जाता फ्रिस्कोच्या वाळूकडे वळली की चार माणसं मागून येणार. उद्या चाळीस.

"नको," ती म्हणाली. "झालंच आहे. जा तुम्ही, लाट जाईल."

"खरंच?"

"जा म्हटलं ना!"

गाडी गेली. डॉर्सीने करवत बंद केली.

"चार माणसं," तो म्हणाला. "चार धडधाकट माणसं, फुकट, स्वतःच्या पायांनी चालत आली. आणि तू त्यांना हाकललंस."

"तुला नाही कळायचं."

"लाइलसारखं नको बोलूस! काय नाही कळायचं? दोन दिवस बघतोय, तुझा जीव कुठेतरी अडकलाय. कुठे अडकलाय ते तरी सांग."

तिने दातांतले स्क्रू हातात घेतले. वीस वर्षं शिडी धरणाऱ्या माणसाला सांगायला हरकत नव्हती. तो पाण्यात उतरणाराही नव्हता.  मग तिने सांगितलं. मिस यूलाचं घर, दांडा, आकडे, चौदा सेकंद, डावी लाट, अकरा वाजेपर्यंत. पाच वाक्यांत पाच महिने संपले.

डॉर्सीने हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, 'सहा ऑगस्ट, टोकाला साडेचार.'

"हे ते?"

"हो."

"आणि मी हे कापतोय?"

"काप. अडतीस बाय एक्कावन्न."

त्याने कापलं. नंतर तो इतक्या घाईने काम करू लागला की दोनदा अंगठा ठेचला. सव्वानऊला सात खिडक्या राहिल्या होत्या. नऊ चाळीसला पाच. त्या वेळी मर्लीन शिडीवर होती. डोकं तक्त्याला टेकलेलं, 'तेवीस जुलै' बरोबर कपाळासमोर. आवाज येत होता. पण तो आवाज वेगळा होता. दार आपटल्याचा नव्हता. लांबत जाणारा होता, कापड फाडत न्यावं तसा. की झाडीमुळे तसा वाटत होता? ती श्वास रोखून ऐकायला लागली आणि खालून डॉर्सीची करवत सुरू झाली.

"बंद कर ती!"

"मग कापू कशाने, दातांनी?"

करवत थांबेपर्यंत लाटांचा तो गट संपला होता.

"तू जा," दहाला डॉर्सी म्हणाला. "मी बघतो."

"वरचे अर्धगोल एकट्याने धरशील?"

धरणं शक्य नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. अर्धगोलांनी पाऊण तास खाल्ला. एक चुकीचा कापला गेला आणि दुसऱ्यासाठी भिंतीचा शेवटचा तुकडा लागला. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी शेवटचा स्क्रू बसला. मर्लीन शिडीवरून उतरली नाही, घसरली.

वाळूच्या टेकाडावर पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. वारा फिरला होता. आग्नेयेचा, ओला, तोंडावर थपडा मारणारा. भरतीचं पाणी दांड्यावर चढलेलं. समोर नुसता फेस, उकळत्या दुधावर कोणी पळी फिरवत असल्यासारखा, ना शेंडा ना बुडखा. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने गुपित इतकं चोख राखलं होतं की अख्खी सकाळ कोणी इकडे फिरकलंच नव्हतं. बोर्ड काखेत धरून ती उभी राहिली, आणि मग तिने समुद्राला अशा शिव्या घातल्या की एरवी त्या फक्त कोळंबीच्या बोटीवर ऐकू येतात.

वादळ शुक्रवारी आलं आणि गेलं. रस्त्यावर वाळू चढली, दोन घरांचे जिने समुद्राने नेले. झाडीतल्या घराची एकही काच फुटली नाही, आणि शेडमधल्या लोकांनी रात्र पत्ते खेळत काढली. पेनसिल्व्हेनियाच्या कुटुंबाने तिला पत्रपेटीत आभाराचं कार्ड टाकलं. त्यावर एक हसरा सूर्य होता. ते तिने चुलीत घातलं. दीपस्तंभाला गुरुवारी सगळ्या लाटा दार आपटल्यासारख्या फुटल्या होत्या. दोन बोर्ड मोडले, ब्रँटचं नाक फुटलं.

"यंदाही फुकट गेलं बघ," तो म्हणाला. "तू काही गमावलं नाहीस."

त्याच्या नाकाला पट्टी होती म्हणून तिने नुसती मान डोलावली.

शनिवारी समुद्र पुन्हा बशीत येऊन बसला. मर्लीन होडीतून गेली आणि गाठींची दोरी सोडली. पाच, सात, नऊ, अकरा. मग शिसं तळाला टेकलं. थोडं पुढे गेली, पुन्हा अकरा. पाणी एकरंगी हिरवं. कोपराएवढीही वाळू उरली नव्हती.

मग ती मिस यूलाच्या खिडकीवरचा तक्ता काढायला गेली. शेवटचा स्क्रू निघाला, उजेड आत गेला, आणि काचेपलीकडे मिस यूला डोळे मिचकावत बसलेली दिसली.

"काढलंस एकदाचं," ती म्हणाली. "तू एवढी झाकाझाक केलीस, तरी मी पाहिलंच हो."

"काय पाहिलंत?"

"गुरुवारी. मांजर बाहेर राहिलं होतं, म्हणून दहाच्या सुमाराला ओसरीवर गेले. अगं, काय पाणी होतं! एकामागून एक, एकामागून एक. इतक्या वर्षांत असं नाही पाहिलं."

मर्लीनने हातातलं ड्रिल खाली ठेवलं. ती खिडकीशी आली.

"मिस यूला, नीट आठवा. फुटत कशा होत्या?"

"कशा म्हणजे? लाटांसारख्या."

"एकदम सगळी कोसळत होती? धाडकन?"

"नाही नाही. धाडकन नाही. कसं सांगू... कोणी पडदा ओढावा ना, तशी."

मर्लीनने चौकट धरली.

"पडदा कसा ओढलेला? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत? की मधूनच फाकून दोन्हीकडे?"

मिस यूलाने डोळे मिटले. हात हवेत उचलला, जरासा हलवला, थांबवला. मग तो मांडीवर ठेवला.

"चष्मा आत होता गं पोरी," ती म्हणाली. "केक खातेस का थोडा?"

"खाते," मर्लीन म्हणाली. तिची नजर त्या सपाट हिरव्या पाण्यावरून हलत नव्हती. "पण आधी आठवा ना. तुमचा हात आत्ता निघाला होता, तो कुठून कुठे जात होता?"